चपला काढून गाडी बघणारा मेस्त्री

डिलाईल रोडच्या त्या मेस्त्रीला पूर्वी मिलमध्ये काम करताना सोसलेल्या मागांच्या खडखडाटाने कमी ऐकू यायचं. त्यामुळे तो गाडीची तक्रार ऐकून घेतच नसे. चपला बाहेर काढायचा, आत बसायचा आणि क्लचवर अनवाणी पाय ठेवून डोळे मिटायचा.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. काकांची गाडी मी चालवायचो, आणि त्या सकाळी गिअर टाकला की कर्रकर्र व्हायला लागलं. सरकारी नोकरीतले काका मेस्त्रीसमोरच मला झापत होते. "गिअरबॉक्सची वाट लावलीस!"

मेस्त्रीने क्लच दाबला आणि थबकला. वाकून त्याने पायाखालच्या चटईखाली हात घातला. चळवळीच्या पत्रकांचा गठ्ठा आदल्या दिवशी मीच तिथे दडवला होता. त्याच्यामुळे क्लच पुरता दबत नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काकांकडे पाठ करून त्याने गठ्ठा सदऱ्यात सरकवला. "चटई दुमडलेली, सायबानू. गाडीक काय झाला नाय."

गिअर अलगद पडला. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा मागायला गेलो, तर त्याने समोरच्या चाळीकडे बोट दाखवलं. "घरोघर वाटून झाली," म्हणाला. "पुढच्या टायमाक पाठच्या सीटखाली ठेव."