फोन काही वेळ बंद राहील

मी फोनला मराठी बोलायला लावायचं काम करते. असं सांगितलं की लोक हसतात, पण खरंच तेच करते. मोबाईलच्या आतल्या यंत्रणेची वाक्यं इंग्रजीतून येतात आणि मी रत्नागिरीत, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत बसून त्यांचं मराठी करते. 'पुन्हा प्रयत्न करा.' 'काहीतरी चुकले.' 'परवानगी द्या.' वाक्यं कसली, तुकडेच ते. कुठल्या पडद्यावर दिसणार, आधी काय नि नंतर काय, कोणी सांगत नाही. त्यात जागा तोकडी. शब्द लांबला की बटणाबाहेर लोंबतो, म्हणून छाटायचा. गुरुवारी माल पोचवायचा, शुक्रवारी पुण्याचे तपासनीस तो लाल करून परत पाठवणार, सोमवारी नवा माल हजर. छान झालंय असं आजवर कोणी म्हटलं नाही. पूर्वी त्याचं वाईट वाटायचं. हल्ली एवढंच वाटतं की एकदा पोटभर झोपावं.

त्या वर्षी यंत्रणेची नवी आवृत्ती यायची होती आणि डोंगराएवढी वाक्यं येऊन पडली होती. त्यातच आई पडली. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं.

आई वेळणेश्वराच्या अलीकडे आमच्या गावी एकटी राहते. घरामागच्या नारळीपोफळीच्या आगरात ती पाय घसरून पडली आणि शेजारची बाई पाण्याला येईपर्यंत तशीच पडून राहिली. हाड मोडलं नाही, नशीब. फोन कमरेलाच खोचलेला होता, पण तिला तो आलेला उचलता येई, लावता येत नसे. दादा मुंबईला बंदरात नोकरीला आहे. त्याने ऐकलं नि एका वाक्यात निकाल लावला.

"गणपतीला येईन तेव्हा तिला घेऊन जाईन. घराला कुलूप."

आई एकदा त्याच्याकडे राहून आलेली. दहाव्या मजल्यावरचं घर. "दार उघडून जायाचा कुठं?" एवढंच ती म्हणते, आणि तेवढं पुरे आहे. मी मध्ये पडले, दादाशी कडाकडा भांडले. शेवटी तो म्हणाला, "बरं. तिने स्वतःहून मला व्हिडिओ कॉल करून दाखवायचा. गणपतीच्या आत. रोज तिचं तोंड दिसलं तर राहू दे."

आईचा फोन अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी. ती सातवी शिकलेली, मराठी खडाखडा वाचते, पण इंग्रजी अक्षर दिसलं की फोन पालथा घालते. उरलेलं अर्धं मराठी त्या नव्या आवृत्तीत येणार होतं, म्हणजे माझ्याच टेबलावर पडलेलं होतं. जगाचे फोन मराठी करणाऱ्या बाईच्या आईचा फोन इंग्रजीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पावसाळ्याचे पहिले दोन महिने मी ती वाक्यं उपसली. लाईट गेली की बॅटरीवर, बॅटरी संपली की शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर. माल पोचवला त्या दिवशी आनंदबिनंद काही झाला नाही. मान दुखत होती.

श्रावणात नवी आवृत्ती लोकांच्या फोनवर यायला लागली. माझ्या फोनवर आली. आईच्या शेजारणीच्या फोनवर आली. मी रोज संध्याकाळी आईला विचारायची, "आलं का गं?"

"रोज कायतरी इचारतो तो. मी नंतर म्हणतंय."

"अगं, नंतर नाही, दुसरं बटण दाब!"

"बरा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या घरात दारी आलेल्याला कोणी तोंडावर 'नको' म्हणत नाही. मासेवालीला उद्या घेईन म्हणायचं, देणगीवाल्याला बघू म्हणायचं. मला वाटलं, हिने फोनलाही तसंच वाटेला लावलंय. चिडून मी दोनदा तिच्यावर ओरडले. मी कोणासाठी मरमर करतेय, हेसुद्धा बोलून दाखवलं.

गणपती तोंडावर आले, तेव्हा एका रविवारी मीच निघाले. एसटीने जयगड, फेरीबोटीने खाडीपलीकडे, पुढे वडापच्या जीपने. घरी पोचून हातपाय धुते तोवर आईने फोन पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'फोन काही वेळ बंद राहील.' खाली दोन बटणं, 'आता करा' आणि 'नंतर'. वाक्य माझंच होतं. कधीतरी दुपारी पेंगत केलेलं असणार.

"काही वेळ म्हंजे किती गो?" आईने विचारलं.

मला माहीत नव्हतं. मूळ वाक्यातही ते नव्हतं. "असेल थोडा," मी म्हटलं.

"तेवढ्यात तुझा फोन इला तर? तू दिवसातून एकदाच करतंस."

तेवढ्यासाठी ती रोज 'नंतर' दाबत होती आणि मी तिच्यावर ओरडत होते. इतकं वाईट मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"आता तू हायस हितं," ती म्हणाली. "दादाला तेवढा कळव. मग होऊ दे बंद."

मी दादाला कळवलं. तिने स्वतःच बटण दाबलं, फोन पाटावर ठेवला, आणि दूध उतू जाईल म्हणून बघावं तशा आम्ही दोघी त्याच्याकडे बघत पडवीत बसलो. बऱ्याच वेळाने तो उजळला. सगळा मराठी. आई एकेका शब्दाखाली बोट धरून मोठ्याने वाचत गेली. मी लिहिलेलं आजवर कोणी असं वाचलं नव्हतं. चुकत, परत फिरत तिने व्हिडिओ कॉल शोधला आणि दादाला लावला. दादा पडद्यावर आला, तिच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "बरं आई. राहा तू. पण रोज हां."

आई खूश झाली. मीही झाले. ती तिच्या घरात राहणार हे ठरलं, आणि एकटी राहणार हेही त्यातच ठरलं. परतीच्या फेरीबोटीची वेळ होत आली होती. मी पिशवी उचलली, पायरीवर चपला घातल्या, तर पिशवीतला फोन वाजला. घेतला तर आईचा चेहरा, नको इतका जवळ. मी वळून पाहिलं. ती दारातच उभी होती, फोन दोन्ही हातांत धरून, आणि माझ्याकडे नाही, फोनमध्ये बघत होती.

"कधी येतंस गो?" तिने विचारलं.

काम संपलं की, हे नेहमीचं उत्तर तोंडाशी आलं. काम संपत नाही हे दोघींनाही माहीत होतं. मी चपला काढल्या. सोमवारच्या मालाचं नंतर बघू, असं पुण्याला कळवलं आणि आत गेले.