जामीनदाराची सही

कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे मी भाडेकरारासाठी गेलो होतो. माझ्यापुढे एक मुलगी आणि तिचे वडील होते. मुलीला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती. पीएचडीसाठी जपानला जायचं, पण आधी वर्षभर तिथली भाषा शिकायची. थांबल्या थांबल्या ती पाकिटाच्या पाठीवर त्या भाषेतली अक्षरं गिरवत होती आणि मी नको तितकं वाकून बघत होतो. एकेक अक्षर छोट्या घरासारखं दिसत होतं. आत कोण राहत असेल?

टायपिस्टने हमीपत्र वाचून दाखवलं. संशोधन संपताच भारतात परत येईन असं मुलगी वचन देत आहे आणि जामीनदार म्हणून वडील त्याची हमी देत आहेत.

वडिलांनी पेन घेतलं आणि नुसतंच धरून ठेवलं. "ती येईलच, हे मी कसं लिहून देऊ?"

"अहो काका, सगळेच देतात," टायपिस्ट म्हणाला.

मला नवल वाटलं. परदेशी निघालेल्या लेकीकडून असं वचन मिळावं म्हणून आईबाप देवाला साकडं घालतात. यांना ते स्टँपपेपरवर आयतं मिळत होतं. मग वाटलं, परक्या भाषेत भांडायला, हसायला शिकलेल्या माणसातलं नेमकं कोण परत येत असेल? हमीपत्रात त्याला रकाना नव्हता.

शेवटी त्यांनी सावकाश सही केली. कागद लेकीच्या हातात देत ते हळूच म्हणाले, "ही सरकारसाठी केली. तू तुझं बघ."