जप्तीचा ट्रॅक्टर चालवायचा कुणी?

ट्रॅक्टरवाल्यांचे किस्से उसाच्या ट्रॉलीसारखे असतात. भरली भरली म्हणावं, तर वर अजून चार मोळ्या बसतात. मी मात्र वर काही चढवणार नाही. देवाशपथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आणि सगळा माझ्या डोळ्यांदेखतचा. म्हणजे एकदोनदा मी गावात नव्हतो. पण पाहिलंय सगळं.

नव्वदीतली गोष्ट. निमगाव केतकीच्या अलीकडं आमचं गाव. तिथं पोलीस चौकीसमोरच माझं पंक्चरचं दुकान होतं, त्यामुळं चौकीतलं आधी मला कळायचं, मग फौजदारसाहेबांना. गावात ट्रॅक्टर ढीगभर, लायसन मात्र शोधून सापडायचं नाही. बैलगाडीला कधी लायसन लागलं होतं का, हा सगळ्यांचा बिनतोड सवाल. तेवढ्यात नवा कायदा आला: बिनलायसनचा माणूस चालवताना सापडला, की गाडीच जप्त. आणि कायद्यापाठोपाठ बदलीवर हवालदार कोकरे आले.

पहिले सापडले आमचे भगवानतात्या. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, डोक्याला मफलर, स्वारी कारखान्याकडं निघालेली.

"लायसन?"

"हाय की. घरी फ्रेम करून लावलंय."

"कशाचं हाय?"

"रेडिओचं. पण शिक्का सरकारचाच हाय."

कोकऱ्यांनी ट्रॅक्टर जप्त केला. आता तो चौकीपर्यंत न्यायचा कुणी? हवालदार आले होते सायकलवर, आणि सायकलीपलीकडं त्यांना काही चालवता येत नव्हतं. त्यांनी सायकल उसावर टाकली आणि मडगार्डवर बैठक मारली.

"चला तात्या, घ्या चौकीत."

"मी? माझ्याकडं लायसन न्हाय."

"म्हणून तर जप्त केलाय. चला."

*

दंड बसला त्याचं तात्यांना काही वाटलं नाही. जीव टांगणीला लागला तो वेगळ्याच कारणानं. ट्रॅक्टर कारखान्याच्या ऊसवाहतुकीला लावलेला होता. कारखान्याचे शेतकी ऑफिसर चौकीत येऊन सगळ्यांसमोर सांगून गेले, "तात्या, या सीझनला तुमची गाडी पुन्हा अडकली, तर करार दुसऱ्याला देणार." दुसरा तयारच होता. चौकीच्या आवारात येऊन तो तात्यांच्याच टायरला लाथ मारून हवा बघत होता.

इकडं ट्रॉलीतला ऊस उन्हात सुकायला लागला. सुकला की वजन गेलं. तात्यांनी हौदावरनं बादल्या आणून उसावर पाणी मारायला सुरुवात केली. कोकरे धावत बाहेर आले.

"आरं, मुद्देमालाला हात लावायचा न्हाय. फेरफार हुतो."

"मुद्देमाल सुकून पाचट झाला, तर पंचनाम्यात ऊस लिहिलाय तो कोर्टाला कुठनं दाखवनार?"

संध्याकाळी मी दुकान बंद करताना पाहिलं, तर हवालदार स्वतः बनियनवर मुद्देमालाला पाणी घालत होते.

*

कोर्टानं ट्रॅक्टर सोडला, पण कोकऱ्यांनी अट घातली: आवाराबाहेर काढायचा तो लायसनवाल्यानंच.

सगळं गाव पालथं घातलं. लायसन निघालं एकाच माणसाकडं, शाळेतल्या गुरुजींकडं. सासुरवाडीच्या एका उत्साही मेव्हण्यानं लग्नाआधी काढून दिलेलं, ट्रॅक्टरसकट सगळ्या गाड्यांचं. गुरुजींनी मात्र जन्मात स्टेअरिंगला हात लावला नव्हता. एसटीत बसले तरी डोळे मिटून बसायचे.

गुरुजी पांढऱ्याशुभ्र पायजम्यात सीटवर चढले. तात्या खालून सांगत होते, "क्लच हळू सोडा, गुरुजी. हळू. आवो, हळू." गुरुजींनी डोळे मिटले आणि क्लच सोडला. ट्रॅक्टर उधळलेल्या खोंडागत फाटकाबाहेर पडला. फाटकाला टेकवून ठेवलेली कोकऱ्यांची सायकल पुढच्या चाकाखाली गेली, मग मागच्या, मग दोन्ही ट्रॉल्यांच्या.

कोकऱ्यांनी चपटी झालेली सायकल उचलून चौकीच्या भिंतीला लावली. पण धरणार कुणाला? लायसन होतं, कागदं सगळी बरोबर होती.

*

तात्यांनी धसका घेतला. शिकाऊ लायसन काढलं, आणि शेजारी लायसनवाला पाहिजे म्हणून शाळा सुटली की गुरुजींना मडगार्डवर बसवून खेपा सुरू केल्या. गुरुजी डोळे मिटून कारखान्याला जायचे आणि डोळे मिटून परत यायचे.

पक्क्या लायसनची परीक्षा बारामतीला, आरटीओच्या कॅम्पात. तात्यांनी ट्रॅक्टर पुढं नेला, मागं घेतला, उभा केला. मग इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं, "वळायच्या आधी काय कराल?"

"वरडायचं."

"ओरडायचं नाही. हात दाखवायचा."

"हात मोकळा कुठं असतोय, साहेब? मागं मंडळी बसलेली असती. हात ती दाखवती."

"आणि त्या बरोबर नसल्या तर?"

तात्यांनी विचार केला. "मग आमी वळतच न्हाय."

साहेबांनी त्यांना हात दाखवून वळायला लावलं, तीनतीनदा. पुढं पोस्टानं लायसन आलं. त्यात फक्त ट्रॅक्टर लिहिलेला होता.

*

सीझन संपत आला होता. एका सकाळी कोकरे पायी पायी तात्यांच्या दारात. जीपचा ड्रायव्हर तापानं फणफणलेला, आणि फौजदारसाहेबांना इंदापूरला मोठ्या साहेबांपुढं हजर व्हायचं होतं. फौजदारांना जीप यायची, पण लायसन त्यांनी कधी काढलंच नव्हतं.

"तात्या, गुरुजींनी माझी सायकल काय केली ते बघितलंय. त्यांच्याबिगर गावात तुमीच लायसनवाले. चला."

तात्यांची खेप भरून उभी होती, आणि कारखान्याची वाट इंदापूरवरूनच जायची. ती आज पोचली नाही, तर ऑफिसर टपलेलेच.

"माझं लायसन ट्रॅक्टरचं हाय, हवालदार. जीप चालवली तर मला धराल."

"धरावं तर लागंल," कोकरे प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग असं करू. जीपचं इंजिन बंद ठेवा. बंद जीप म्हंजे ट्रॉलीच की."

कोकऱ्यांनी कायदा मनातल्या मनात उलटासुलटा करून पाहिला. त्यात कुठं हरकत सापडेना. दुसऱ्या ट्रॉलीच्या मागं साखळदंडानं जीप बांधली. स्टेअरिंगवर फौजदारसाहेब, शेजारी कोकरे. पाचट उडून साहेबांच्या टोपीत अडकत होतं. रस्त्यावरची पोरं मागनं धावत येऊन जीपच्या बॉनेटवर चढून ऊस उपसत होती, आणि साहेबांना बघूनही न बघितल्यासारखं करावं लागत होतं.

इंदापूरच्या चौकात कारखान्याचे शेतकी ऑफिसर मोटारसायकल लावून उभे होते. त्यांना लांबून तात्या दिसले आणि त्यांच्या मागं पोलीस दिसले. अडकला म्हातारा, गेला करार, असं समजून ते रस्त्याच्या मधोमध आले. मग त्यांना साखळदंड दिसला. पुढून मागं, मागून पुढं त्यांनी दोनदा पाहिलं.

"तात्या, हे काय?"

तात्यांनी मफलर सारखा केला. मागं वळूनही पाहिलं नाही.

"चालवनाऱ्याकडं लायसन न्हवतं, साहेब. घिऊन चाललोय."

आता कबूल करतो, यात एक गोष्ट खोटी आहे. तात्यांच्या मागं उसाची ट्रॉली एकच होती. दुसरी मी जोडली.