घटनेतली गाळलेली ओळ

आमचा पक्ष दोन ऑटोंत मावतो. सरकारनं माणसाच्या धंद्यात, घरात आणि डोक्यात कमीत कमी नाक खुपसावं, एवढंच आमचं म्हणणं. पण ते ऐकायला नागपुरात फारसं कुणी थांबत नाही. म्हणून देशोदेशीच्या आमच्यासारख्या पक्षांनी मिळून केलेल्या आघाडीनं आमचा अर्ज मागवला, तेव्हा अध्यक्षकाकांचा चेहरा उजळला. पंच्याहत्तरी उलटलेला हा माणूस उमरेडला विणकरांना सूत विकायचा आणि एसटीनं ये-जा करत तीस वर्षं पक्ष चालवत आला होता. डोळे मिटण्याआधी जगात कुणीतरी आपल्याला आपलं म्हणावं, एवढीच त्यांची हौस उरली होती.

आघाडीला पक्षाच्या घटनेचं इंग्रजी भाषांतर हवं होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि पक्षाची सचिव आहे, तेव्हा ते माझ्याच गळ्यात पडलं. तिसऱ्या कलमाशी माझा हात थांबला. आपल्याकडे पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादावर निष्ठा असल्याचं घटनेत लिहून द्यावंच लागतं, कायदाच तसा आहे. आम्हीही दिलं होतं; जन्मभर ज्याच्याविरुद्ध बोललो त्याच्यावरच निष्ठा. बाहेरच्यांना हे कसं समजावणार? मी ती ओळ गाळली आणि खाली ‘भाषांतर पूर्ण व अचूक’ असं लिहून सही ठोकली. कॉपी करणाऱ्या पोरींना मी वर्गाबाहेर काढते, हे तेव्हा आठवलं नाही.

मग आठ दिवस चोराच्या मनात चांदणं. मूळ मराठी प्रत कुणी मागवली तर? फोन वाजला की आधी नंबर परदेशातला तर नाही ना, ते बघायचे. ताट अर्धं टाकून उठायचे. नवऱ्यानं विचारलं, तर पेपर तपासायचे राहिलेत असं मी म्हणाले.

रविवारी दुपारी सीताबर्डीच्या आमच्या ऑफिसात, म्हणजे टेलरच्या दुकानावरच्या खोलीत, आघाडीचा व्हिडिओ कॉल आला. काका इस्त्रीचा सदरा घालून शेजारी बसले. पलीकडच्या बाई म्हणाल्या, इतकी स्वच्छ घटना त्यांनी पाहिली नव्हती. इतर देशांतल्या नव्या पक्षांना नमुना म्हणून पाठवू का? मी ते काकांना मराठीत सांगितलं.

काका खूश झाले. “त्यायले समाजवादाच्या ओळीबद्दल विचार ना वं. वाचून हसले असतील.”

मी बाईंना तिकडच्या हवेबद्दल विचारलं. त्या गंभीरपणे बर्फाबद्दल बोलू लागल्या.

“हसल्या नाहीत,” काका म्हणाले. “काय सांगून राहिल्या त्या?”

काकांना इंग्रजी समजत नाही, माणसं समजतात. मी माईक बंद केला आणि सगळं सांगून टाकलं. खरं कळलं तर आघाडी आपल्याला घेणार नाही, तुमची तीस वर्षं पाण्यात जातील, म्हणून केलं, असंही बडबडले.

त्यांनी चष्मा काढून हातात धरला. रागावले असते तर बरं झालं असतं.

“ती ओळ लिहायले मले कायद्यानं भाग पाडलं,” ते म्हणाले. “गाळायले तुले कोणी पाडलं, बाई?”

पडद्यावर बाई वाट पाहत होत्या. मी माईक चालू केला, मराठी प्रत समोर ओढली आणि तिसरं कलम पहिल्या शब्दापासून इंग्रजीत सांगायला लागले.