दोनशे छप्पन टाके

सोनीजींनी दुपट्टा टेबलावर असा पसरला, जणू पंचनामाच चालू आहे.

"ये देखिए, इंजीनियर साहब. बेल यहाँ तक आई. फूल कहाँ गया?"

फूल खरंच नव्हतं. वेल छान वळत आली होती, मग एक लांब सरळ दोरा, आणि पुढे पुन्हा वेल. मधलं फूल सुईनं काढलंच नव्हतं.

गोहलपुरात सोनीजींचा सलवार-सूटचा कारखाना आहे. त्यांच्या जुन्या भरतकामाच्या मशीनला बसवलेलं कंट्रोलर कार्ड आमच्या कंपनीचं आणि त्यातला प्रोग्राम माझा. म्हणजे आरोपी दोनच: मशीन चालवणाऱ्या मंदाताई, नाहीतर मी. सोनीजींनी निकाल आधीच देऊन टाकला होता.

"सिर्फ इनकी शिफ्ट में होता है. कल से इनको धागा काटने पर बिठा रहा हूँ."

मंदाताई मागेच उभ्या होत्या. जवळच्या चेरीताल वस्तीतल्या, पन्नाशीच्या, अकरा वर्षं मशीनवर. तयार कपड्यांचे लोंबते धागे कापायला तिथे नव्या मुलींना बसवतात.

"मी काय फुलं खाऊन राहिली का, भाऊ?" त्या मला मराठीत म्हणाल्या. "तुम्ही तरी पाहा नीट."

मी बॉसला फोन लावला. "ऑपरेटरचीच चूक असणार," बॉस म्हणाले. "ऑफिसात शंभर वेळा चालवलंय ना आपण?" चालवलं होतं. खरं सांगतो, मलाही हे उत्तर फार आवडलं. पण समोर ताई हाताची घडी घालून उभ्या होत्या, त्यामुळे लॅपटॉप उघडणं भाग पडलं.

डिझाइनच्या फाइलमध्ये गायब टाके मोजले. दोनशे छप्पन. दुसऱ्या खराब दुपट्ट्याचे मोजले. दोनशे छप्पन. माझे कान तापले. माझ्या रिंग बफरमध्ये बरोबर तेवढीच घरं होती.

रिंग बफर म्हणजे घरांची गोल रांग. कॉम्प्युटर टाके पाठवतो, ते एकेका घरात ठेवले जातात. सुई त्याच क्रमानं एकेक उचलते. नवा टाका कुठे ठेवायचा, हे सांगणारा आकडा म्हणजे हेड. पुढचा कुठून उचलायचा, हे सांगणारा टेल. शेवटचं घर आलं की दोघंही पुन्हा पहिल्या घरावर. टेल हेडला येऊन मिळाला, की सगळे टाके उचलून झाले, बफर रिकामा. एवढं सोपं. इतकं सोपं, की मी ते लिहून वर चहाही मागवला होता.

"ताई, दोरा तुटल्यावर तुम्ही काय करता?"

"काय करते म्हणजे? पाहा." त्यांनी दोरा ओवला. मग खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, म्हणजे बॉबिन, काढली, तिच्या खोबणीतला कचरा फुंकला, दोरा ओढून ताण पाहिला, बॉबिन परत बसवली. "बाकीच्या पोरी गाठ मारतात अन् बटन दाबतात. मंग दहा टाक्यांनी पुन्हा तुटते."

तेवढ्या वेळात सुई थांबलेली, पण कॉम्प्युटर टाके पाठवतच होता. घरं भरत गेली. हेड पूर्ण गोल फिरून टेलच्या घरी येऊन उभा राहिला. आणि माझ्या शहाण्या कार्डानं काय ठरवलं? दोघं एकाच घरात, म्हणजे बफर रिकामा! मग नवे टाके जुन्यांच्या डोक्यावर. फूल गेलं.

बाकीच्या मुली घाईनं मशीन सुरू करत, त्यामुळे बफर कधी पूर्ण भरतच नसे. नीट काम करणारी बाई एकच, म्हणून सापडली तीच. आणि ऑफिसात माझा दोरा शंभर वेळांत एकदाही तुटला नव्हता, कारण मी दोरा लावलाच नव्हता.

यावरचा उपाय प्रत्येक पुस्तकात असतो: एक घर कायम रिकामं सोडायचं. मी मात्र एक घर वाया का घालवायचं, म्हणून सगळी वापरली होती. ही हुशारी आठवत होतो तेवढ्यात ताईंच्या टेबलावर नजर गेली. गोल लाकडी पाट, कडेनं बारा खिळे, त्यांवर बॉबिनी. अकराच.

"बारावी?"

"ठेवतच नाही. एकीकडून वापरायच्या, भरलेल्या दुसरीकडून लावायच्या. सगळे खिळे भरले तर जुनी कोणती अन् नवी कोणती, कसं समजन?"

मी तिथेच कपाळावर हात मारला. दणदणीत आवाज झाला.

बॉसला पुन्हा फोन. "चूक म्हणू नकोस," ते कुजबुजले. "अपडेट म्हण."

मी फोन खाली ठेवला आणि नाटकातल्या राजासारखा आवाज लावला. "सोनीजी, गलती कार्ड की है. कार्ड मैंने बनाया है. ताई की कोई गलती नहीं."

सगळी मशीनं थांबली. सोनीजींनी दुपट्टा माझ्याकडे सरकवला. "अच्छा. तो ठीक करके दिखाइए."

एक ओळ बदलली. हेड टेलच्या एक घर मागे पोचला, की बफर भरला, कॉम्प्युटरनं थांबायचं. मग ताईंनी मुद्दाम तीनदा दोरा कापला आणि दरवेळी बॉबिन अशी निवांत पुसली, की सोनीजी सारखे घड्याळ पाहू लागले. वेल वळत गेली. फूल आलं. सगळी फुलं आली.

"कल से," सोनीजी दुपट्ट्याची घडी घालत म्हणाले, "नई लड़कियों को मशीन आप सिखाएँगी, दीदी."

"माफी तर मागितली नाही," ताई मला हळूच म्हणाल्या. "पण चलो."

मी मात्र मागितली, आणि आभारही मानले. त्या बाईनं वैतागून घाई केली असती, तर माझी चूक आजही कुठल्यातरी कारखान्यात फुलं गिळत बसली असती.

आता नवं कार्ड तपासायला मी ऑफिसातला सगळ्यात सावकाश माणूस शोधतो. सापडायला वेळ लागतो. अशांना आपण आधीच धागे कापायला बसवलेलं असतं.