होडीतला देवीचा दिवा

मंडळी, आत्ताच समुद्रावरून आलोय. अंगात त्राण नाही, पण हे सांगितल्याशिवाय डोळा लागायचा नाही.

आमच्या गावात अजून वीज नाही, पण यंदा होडीला इंजिन बसलं. आईनं हट्ट धरला, म्हणून बॅटरीवरून तार ओढून होडीतल्या एकवीरा देवीपुढं बल्ब लावला. तेव्हापासून आमच्या गळाला मासळी शिवेना. शेजारच्या शिडाच्या होड्या मात्र भरून येत. आई म्हणे, "नजर लागली हाय. दिवा इझवू नको."

आज समुद्रात बॅटरी उतरली, दिवा विझला. थोड्याच वेळात गळाला शिंगाळे मासे लागायला लागले, एकामागून एक!

होडीत साचलेलं पाणी उपसताना बोटावरच्या जखमेला रोज मुंग्या चावल्यासारखं व्हायचं, आज झालं नाही. म्हणून तार चाचपली. साल निघालेली, त्याच पाण्यात पडलेली. वीज इंजिनाच्या पंख्याच्या दांड्यातून समुद्रात झिरपत होती आणि मासळी आम्हाला टाळत होती.

किनाऱ्यावर मासळीनं भरलेली पाटी बघून आईनं हात जोडले. "बघ, दिव्यानंच दिली ना रं?"

दमलो होतो. "व्हय आये," म्हणालो.

नवी तार मिळेपर्यंत देवी अंधारातच. उद्याही आई विचारणार, दिवा लावलास ना?

तुम्ही काय सांगितलं असतं?