मन्मथअप्पांची गुळणी

गंगाखेडला मन्मथअप्पांच्या तालमीत नवीन कुणी आलं की अप्पा त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या धरायचे. पाणी प्यायचं नाही. एक गुळणी तोंडात धरायची, तशीच गोदावरीच्या घाटापर्यंत पळत जायचं, पळतच परत यायचं आणि अप्पांच्या समोर ती गुळणी टाकायची. वाटेत पाणी गिळलं की अप्पांना चेहऱ्यावरूनच कळायचं. ते रागवायचे नाहीत. फक्त तांब्या पुन्हा पुढे करायचे.

पेठेत त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या जुन्या गोदामात तांबड्या मातीचा हौदा. घर लिंगायत वाण्याचं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, मटण-अंड्याला जन्मात हात न लावलेला हा माणूस दूध आणि बदामावर पैलवान कसा झाला, याचं गावाला नवल होतं. अप्पांना त्याचं काही वाटत नसे. त्यांच्या मते सगळी करामत नाकाची होती. "तोंड भाकरीला दिलंय, नाक दमाला," असं ते म्हणायचे. "रातभर दार सताड उघडं टाकून झोपलं तर घरात काही ऱ्हाईल का? तसंच तोंडाचं हाय. उघडलं की दम गेला."

त्यांना उघडं तोंड बघवायचंच नाही. एकदा परभणीच्या एसटीत शेजारचा अनोळखी माणूस तोंड उघडं टाकून घोरत होता. अप्पांनी दोन बोटांनी त्याची हनुवटी हळूच वर ढकलली. तो दचकून उठला आणि भांडायला लागला. अप्पा त्याला शांतपणे नाकानं श्वास घेण्याचे फायदे सांगत राहिले. कंडक्टरला मधे पडावं लागलं. ही गोष्ट काकू, म्हणजे अप्पांची बायको, पदर तोंडाला लावून सांगायच्या.

अप्पांचं म्हणणं खोटंही नव्हतं. त्यांची पोरं उगाच धापा टाकायची नाहीत. कुस्ती लांबली की समोरचा तोंड वासून उभा राहायचा आणि आमचा गडी तेव्हा त्याचे पाय धरायला पटात शिरायचा.

मला तालमीत घातलं माझ्या वडिलांनी. ते साखर कारखान्यात कामाला होते. मुलींना घ्यायचं म्हटल्यावर अप्पांनी आधी बरेच दिवस टाळलं. मग त्यांनी सकाळची वेळ आम्हा मुलींना दिली आणि काकूंना गोदामाच्या दारात ज्वारी निवडायला बसवलं. काकू दारात आहेत म्हटल्यावर कुणाच्या आईला काळजी राहिली नाही आणि गावाला बोलायला जागा उरली नाही.

लहानपणी मी बैलगाडीवरून नाकावर पडले होते. नाक किंचित वाकडं झालं, एवढंच घरच्यांना माहीत. एका बाजूनं श्वास जवळजवळ येतच नसे, पण सगळ्यांचं असंच असतं असं मला वाटायचं. त्यामुळे गुळणी मला कधी जमली नाही. घाटाच्या अलीकडेच जीव घाबरायचा, पाणी गिळून मी तोंड उघडायचे. अप्पांना तो आळस वाटला. "अंगात बैलाची ताकद अन् नाक आळशाचं," ते म्हणायचे. लढत करताना माझं तोंड उघडलं की कुस्ती थांबवून मला हौद्याच्या कडेला उभं करायचे. बाकी सगळ्या गोष्टींत मी त्यांची लाडकी होते, आणि त्या एकाच गोष्टीत नालायक. तेवढी एक गोष्ट जमवायची म्हणून मी काय वाटेल ते केलं असतं.

पोखर्णीच्या जत्रेत माझी कुस्ती लागली. लातूरकडची मुलगी होती, माझ्यापेक्षा उंच. सुरुवातीला कुस्ती माझ्याच हातात होती. मग ती लांबत गेली. माझं तोंड उघडलं असणार, कारण फडाच्या कडेवरून अप्पांचा आवाज आला, "तोंड मीट, अनिता. मीट म्हणतो ना." मी मिटलं. घट्ट मिटलं. थोड्या वेळानं ढोलाचा आवाज लांब जायला लागला, मग माणसं दिसेनाशी झाली. तिनं मला उचललं तेव्हा मी अडवण्याच्या शुद्धीत नव्हते. खांद्यावर पडले. गळ्याजवळचं हाड मोडलं, तो आवाज मात्र ऐकू आला. ऊस मोडावा तसा.

परभणीच्या दवाखान्यात हाड बसवलं. तिथल्या डॉक्टरांना मी पडल्या पडल्याही तोंडानं श्वास घेताना दिसले, म्हणून त्यांनी नाकाच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बॅटरी लावून नाक पाहिलं, अप्पांनाही पाहायला लावलं. आतला पडदा वाकडा होऊन एक बाजू बंद झाली होती. अप्पांनी गुळणीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, संथ पळताना नाकानं श्वास घेण्याची सवय चांगलीच, ती मोडू नका. पण कुस्ती रंगात आली की शरीराला इतकी हवा लागते की चांगलं नाकसुद्धा पुरत नाही, तोंड आपोआप उघडतं. ते कुणी अडवू नये. हिचं तर नाक आधीच बंद.

अप्पांनी बॅटरी डॉक्टरांच्या हातात परत दिली.

"म्हणजे मी पोरीला श्वास घिऊ दिला न्हाई म्हणा की," ते म्हणाले.

डॉक्टरांनी समजूत घातली, तुम्हाला कसं माहीत असणार वगैरे. ती अप्पांच्या कानांत शिरली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तालमीतल्या सगळ्या पोरांना बसवून झालेलं सांगितलं, स्वतःला कुठेही न वाचवता. मग आमच्या घरी आले. वडील म्हणाले, जाऊ द्या अप्पा, तुम्ही का मुद्दाम केलं. आईनं चहा ठेवला. अप्पांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून बसले. "तेच व्हायलंय," ते म्हणाले. "मुद्दाम केलं न्हाई म्हणून कुणी मला रागवंना."

माझं नाकाचं ऑपरेशन अप्पांनी पुढे होऊन करवून घेतलं. पट्ट्या निघाल्यावर पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेले तर पेंडीच्या वासानं मला गरगरलं. इतकी वर्षं त्या दुकानाला वास आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मी ते हसत सांगितलं. अप्पा हसले नाहीत. उठून आत गेले.

त्याच सुमारास त्यांना रामकिशन आठवायला लागला. माझ्या आधी कधीतरी तालमीत असलेला मुलगा. सदा नाक बंद, तोंड उघडं. अप्पांनी त्याला सगळ्यांसमोर ऐदी म्हणून तालमीतून काढलं होतं. तो चुडाव्याला पंक्चरचं दुकान चालवतो असं समजल्यावर अप्पा मला सोबत घेऊन पॅसेंजरनं निघाले. माझा हात अजून झोळीत होता. मला कशाला नेलं ते तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, एकट्यानं जायला त्यांना भीती वाटली असावी.

रामकिशन स्टेशनच्या रस्त्यावरच भेटला. अप्पांना पाहून तो लगबगीनं उठला, हात पुसून पाया पडला. अप्पांनी खुशालीही विचारली नाही.

"रामकिशन, तुझं नाक बंद ऱ्हायचं का रे?"

तो गोंधळला. मग म्हणाला, "आजबी ऱ्हातंय अप्पा. रात्री तोंडानंच श्वास घेतो मी."

अप्पांनी माझ्याकडे बोट दाखवून सगळं सांगितलं आणि "माझं चुकलं," म्हणाले. रामकिशननं चहा मागवला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण निघताना अप्पांनी त्याच्या मुलाची चौकशी केली, त्याला तालमीत पाठव म्हणाले, तेव्हा तो खाली ट्यूबकडे बघत म्हणाला, "न्हाई अप्पा. पोराला मी आखाड्याच्या वाऱ्यालाबी उभं केलं न्हाई. माझ्यावानी त्याला कुणी चारचौघांत बोलू नये म्हणून."

परतीच्या गाडीत अप्पा खिडकीशी बसले होते. पूर्णा गेलं, परभणी गेलं. गंगाखेड जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "ही दोघं मला ठावं हायती. बाकीची कोण असतील?"

तालीम त्यांनी बंद केली नाही. गुळणी संथ पळण्यापुरती राहिली, आणि जमत नसेल त्याला ते आधी दवाखान्यात न्यायचे. पण फडाच्या कडेला उभं राहून ते पुन्हा कधी ओरडले नाहीत. त्यांची पोरं लढत असताना ते पाठ फिरवून उभे राहायचे आणि निकाल लोकांच्या आवाजावरून समजून घ्यायचे. माझा खांदा पूर्वीसारखा झाला नाही. मी काही वर्षं लढले, बेताचं जिंकले, आणि आता एका शाळेत मुलींना कुस्ती शिकवते.

गेल्या हिवाळ्यात अप्पा अंथरुणाला खिळले. भेटायला गेले तेव्हा काकूंना त्यांनी बाहेर पाठवलं आणि मला जवळ बसवलं.

"पोखर्णीला तुला काय झालं ते कदी इचारलंच न्हाई मी," ते म्हणाले. "खरं सांग."

काही नाही अप्पा, झालं गेलं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. ते इतक्या आशेनं पाहत होते की मला खोटं बोलवेना.

"मरते की काय असं वाटलं," मी म्हणाले. "पण तोंड उघडलं तर तुम्ही रागवाल, ती भीती मरणापेक्षा मोठी होती. मला तुमचा राग आला होता. लय दिवस होता."

त्यांनी डोळे मिटले. कडेनं पाणी ओघळलं. "बरं केलंस," ते म्हणाले, आणि काकूंना हाक मारून मला जेवूनच जायला लावलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. जाणाऱ्या माणसाला ते सांगावं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. कधी वाटतं, त्यांनी मागितलं तेच दिलं. कधी वाटतं, खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं.

सरावात एखादी मुलगी मधेच थांबली की मी तिच्याजवळ जाऊन बसते आणि काय होतंय ते विचारते. बहुतेक जणी म्हणतात, काही नाही मॅडम. मी तिथून हलत नाही.